होडीची दुसरी बाजू

होडी रंगवायला काढली की लोक हजार प्रश्न विचारतात. रंग कुठला, हात किती देणार, ब्रश चांगला की रोलर. होडीला बाजू किती, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं की कालव्यात उभ्या असलेल्या होडीची एक बाजू घोडवाटेकडे असते आणि दुसरी पाण्याकडे. पूर्वी या वाटेवरून घोडे होड्या ओढत, आता पोट कमी करायला निघालेली माणसं धावतात. तर या घोडवाटेवर उभं राहून मी जुलैभर एक बाजू रंगवली. बाटलीसारखा गर्द हिरवा, कडेला पिवळी रेघ, मधोमध नाव, नावाच्या दोन्ही अंगांना माझ्या बायकोने, हिलरीने, स्वतः काढलेले गुलाब. चार पावलं मागे जाऊन मी कौतुकाने बघितलं. धावणारी माणसंसुद्धा थांबून 'वा' म्हणाली. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की दुसऱ्या बाजूला ब्रश घेऊन उभं राहायला जमीनच नाही.

एरवी मी ती बाजू तशीच सोडली असती. कालव्यावर असे पुष्कळ जण आहेत. त्यांच्या होड्या एका बाजूने नवऱ्या मुलीसारख्या आणि दुसऱ्या बाजूने भंगारातून उचलून आणल्यासारख्या दिसतात, आणि ते सुखाने जगतात. पण आमच्या होडीचं नाव होतं 'एडिथ', आणि एडिथ हे माझ्या सासूबाईंचं नाव.

आमच्या सासूबाई, मिसेस ट्रँटर, माझ्याशी बोलत नाहीत. आम्ही हॅडेसफर्डचं घर विकून या होडीत राहायला आलो, त्या दिवसापासून नाहीत. भांडण म्हणाल तर काहीच नाही. वृद्धाश्रमात भेटायला गेलो की मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसतो, आणि त्या हिलरीला म्हणतात, "त्याला विचार, केक घेणार का." मी म्हणतो, "घेईन की." त्या पुन्हा हिलरीला विचारतात, "काय म्हणाला?" हिलरी सांगते, "घेईन म्हणतो." मग केक माझ्याकडे येतो, तोही हिलरीच्या हातून. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी त्यांना मिसेस ट्रँटरच म्हणतो. दुसरं काही म्हणावं असं त्यांनी कधी सुचवलेलं नाही.

त्यांचं म्हणणं एकच होतं. चांगल्या घरातल्या मुलीला मी बदकांत नेऊन ठेवलं. हिलरी सुखात आहे, असं हिलरीने स्वतः सांगितलं तरी त्यांना पटत नसे. "सांगणारच तू. नवरा समोर बसलाय ना."

येत्या रविवारी सासूबाईंना नव्वद वर्षं पूर्ण होणार होती. वृद्धाश्रमाच्या मागची हिरवळ थेट कालव्याला भिडते, तिथे चहापान ठरलं होतं. आणि त्यांच्या डोळ्यांचं दुखणं वाढत चाललं होतं. डॉक्टरांनी हिलरीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जे दाखवायचं असेल ते हिवाळ्याआधी दाखवून घ्या. त्या दिवशी होडीवर परत आल्यावर हिलरी बराच वेळ किटलीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "डेस्मंड, आईला एकदा होडी दिसू दे. तिचं नाव, माझी खिडकी, खिडकीतली फुलं. मी बरी आहे हे तिच्या डोळ्यांना एकदा दिसलं, की पुढे काही दिसेनासं झालं तरी ती माझी काळजी करत बसणार नाही." 

एवढंच मागणं. आता यात अडचण अशी, की वृद्धाश्रम घोडवाटेच्या समोरच्या काठावर. म्हणजे आम्ही ऐटीत समोरून गेलो असतो, तर सासूबाईंना दिसली असती ती नेमकी दुसरी बाजू. गंजलेली, पोपडे निघालेली, कुणा आधीच्या मालकाने कधीकाळी दिलेल्या तपकिरी रंगाची. आणि म्हणे ही त्यांच्या नावाची होडी. हे बघून त्या हिलरीला काय सांगायला लावतील, याचा विचारही मला नकोसा वाटला.

सल्ला मागायला कालव्यावर कुणाकडे जावं लागत नाही. तो चहाचा मग हातात घेऊन आपल्या पायांनी चालत येतो. आमच्या शेजारच्या होडीत नॉरिस बेलिस राहतो. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. बस चालवणाऱ्याला होडी चालवायला काय लागतं, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत आहे. मला तो मास्तर म्हणतो. या 'मास्तर'मध्ये आदर किती आणि उपहास किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

"यात काय मोठंसं मास्तर," नॉरिस म्हणाला. "माझी रबरी होडी घ्या. पाण्याच्या बाजूला जाऊन बसा आणि द्या रंग."

मी त्या रबरी होडीत बसलो, मांडीत रंगाचा डबा धरला आणि तपकिरी पत्र्यावर ब्रश टेकवला. ब्रश टेकवला तशी रबरी होडी मागे सरकली. मी एका हाताने वल्हं मारून पुन्हा जवळ आलो, ब्रश टेकवला, पुन्हा मागे. विज्ञानाच्या मास्तरांनी याला काहीतरी नाव दिलं असतं. अर्धा दिवस मी कालव्याच्या मध्यभागापासून होडीपर्यंत ये-जा करत होतो, आणि पत्र्यावर बोटभर लांबीचे सहा हिरवे ठिपके उमटले होते. शेवटी मी चिडून एका हाताने खिडकीची चौकट घट्ट पकडली. त्याबरोबर रबरी होडी माझ्या खालून निघून गेली. मी खिडकीला लोंबकळत राहिलो. आत हिलरी बटाटे सोलत होती. तिने खिडकीत माझं तोंड बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आत येतोयस का?" उत्तर देण्याआधीच माझा हात सुटला. कालव्याचं पाणी कमरेएवढंच असतं, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. पण डबा माझ्या आधी पडला होता, आणि मी बाहेर आलो तो होडीसाठी ठरवलेल्या रंगात.

"हिरवा तुम्हाला शोभतो मास्तर," एवढं बोलून नॉरिसने आपली रबरी होडी पकडून आणली आणि तिला डाग पडले म्हणून तोंड वाकडं केलं.

मग जे पहिल्यांदाच करायला हवं होतं त्याकडे आम्ही वळलो. कालव्यावर दुसरी बाजू रंगवायची तर होडी उलट दिशेला तोंड करून उभी करावी लागते. म्हणजे दुसरी बाजू घोडवाटेकडे येते. पण आपल्या होड्या लांबीला एखाद्या चाळीएवढ्या आणि कालवा रुंदीला गल्लीएवढा. आहे तिथे होडी वळत नाही. त्यासाठी समोरच्या काठात मध्येमध्ये त्रिकोणी खाचा खणून ठेवल्या आहेत. होडीचं नाक खाचेत घालायचं, मागचं टोक सावकाश फिरवायचं आणि नाक बाहेर काढायचं. आमच्या मुक्कामापासून वृद्धाश्रमाकडे जाताना वाटेत अशी एक खाच लागते. बेत सोपा होता. शुक्रवारी तिथे जाऊन वळायचं, खाचेशेजारीच मुक्काम करायचा, दोन दिवसांत दुसरी बाजू रंगवायची, रविवारी पुन्हा वळायचं आणि सरळ वृद्धाश्रमासमोरून जायचं.

फक्त नकाशात त्या खाचेवर लिहिलं होतं, साठ फूट. आणि एडिथ बासष्ट फूट होती. होडी, सासूबाई नव्हेत.

"साठ म्हणजे काय शाळेतली फूटपट्टी आहे का?" नॉरिस म्हणाला. "लिहिणाऱ्याने हातचं राखून लिहिलेलं असतं. मी तिथे अख्खी बस वळवून दाखवीन."

"तू कधी वळवली आहेस का तिथे होडी?" हिलरीने विचारलं.

"मला कधी वळायची गरजच पडली नाही," नॉरिस म्हणाला. खरं म्हणजे इथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण नकाशावर माणसाचा किती विश्वास असावा, यावर मी वर्षानुवर्षं मुलांना प्रवचनं दिली होती, आणि नेमक्या त्याच दिवशी मला वाटलं की नकाशे काय, माणसंच काढतात.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. नॉरिस मार्गदर्शक म्हणून छपरावर उभा. खाचेजवळ पोचतो तर घोडवाटेवर हिरव्या छत्र्यांची रांग. ज्येष्ठ नागरिकांची मासेमारी स्पर्धा होती. गळ टाकून बसलेली माणसं होडीवाल्यांकडे कशी बघतात हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला ते सांगून कळायचं नाही. आपण त्यांच्या ताटात पाय घातल्यासारखं ते बघतात. खाचेच्या बरोबर समोर त्यांचे अध्यक्ष मिस्टर स्प्रॅग बसले होते. पाण्यात सोडलेल्या त्यांच्या जाळीत सकाळपासून धरलेले मासे होते.

"तू इथे वळणार नाहीस बाळा," मिस्टर स्प्रॅग म्हणाले. आमच्याकडे वय कितीही असो, समोरच्याला बाळाच म्हणतात. त्यातून प्रेम दिसतं असा बाहेरच्यांचा समज असतो.

"वळावं तर लागेल मिस्टर स्प्रॅग. घरातलं कार्य आहे."

"मग सावकाश वळ. आणि माझ्या जाळीपासून लांब."

मी नाक खाचेत घातलं. अतिशय सुंदर घातलं, हे सांगायलाच हवं, कारण त्यानंतर सांगण्यासारखं काही घडलं नाही. मागचं टोक फिरू लागलं, फिरत फिरत आडवं आलं आणि थांबलं. पुढचं नाक समोरच्या काठाच्या चिखलात रुतलं, मागचं टोक घोडवाटेच्या दगडात अडकलं, आणि मध्ये कालवाभर एडिथ. दोन फूट. तेवढेच दोन फूट जास्त होते. आम्ही कालव्यावर पूल बांधला होता.

"मागे घ्या मास्तर, मागे," नॉरिस छपरावरून म्हणाला. मी इंजिन उलटं फिरवलं. पाणी खळबळलं, खालून चिखल वर आला, एक विचित्र आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. मिस्टर स्प्रॅग आपल्या जागेवरून सावकाश उभे राहिले. त्यांच्या जाळीची दोरी पाण्यात ताणली गेली होती आणि ती थेट आमच्या होडीखालच्या पंख्याकडे जात होती. सकाळपासून धरलेले मासे एकेक करून आपापल्या घरी निघाले होते. मिस्टर स्प्रॅग त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने दोन्ही बाजूंनी होड्या येऊन थांबू लागल्या. प्रत्येक होडीतून एक मग आणि एक सल्ला बाहेर आला. एकाने सांगितलं पुढे रेट, दुसऱ्याने सांगितलं चुकूनही पुढे रेटू नकोस. एका बाईंनी त्यांच्या नवऱ्याने अशाच वेळी काय केलं होतं याची हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, त्याचा काही उपयोग झाला नाही. घोडवाटेवरून कुत्रं फिरवायला निघालेला एक गृहस्थ आमच्या मागच्या टोकावर चढला, आतून चालत पुढच्या टोकाला गेला आणि पलीकडच्या काठावर उतरला. जाताना हिलरीला म्हणाला, "बरी सोय झाली." 

मी कालव्याच्या कार्यालयाला फोन लावला. त्यांचं संगीत ऐकून झाल्यावर एक तरुण आवाज आला.

"आपली होडी कुठल्या दिशेला जाते आहे, साहेब?"

"जात नाहीये. अडकली आहे."

"हो, पण कुठल्या दिशेला? उत्तर की दक्षिण? मला इथे एक निवडावं लागतं."

"ती पूर्व-पश्चिम आहे."

"हा कालवा उत्तर-दक्षिण आहे, साहेब."

"मला ठाऊक आहे. मी भूगोल शिकवायचो. म्हणूनच फोन केलाय."

पलीकडे कीबोर्ड वाजला. "पूर्व-पश्चिम असं यात नाहीच. मी उत्तर टाकू का?" मी म्हटलं, टाका. मग त्याने विचारलं, वाहतुकीला अडथळा होतो आहे का. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि हो म्हणालो. तो म्हणाला, मग सोमवारी माणूस पाठवतो.

सोमवारी. मी फोन ठेवला तेव्हा हिलरी मागच्या पायरीवर बसली होती. ती रडत नव्हती, पण रडली असती तर मला समजलं असतं. "सोमवारी आईचा वाढदिवस होऊन गेलेला असेल," ती म्हणाली.

हे मिस्टर स्प्रॅग यांनी ऐकलं. म्हातारा तसाच उभा होता, हातात रिकाम्या जाळीची दोरी. "किती वर्षांच्या?" त्यांनी विचारलं.

"नव्वद."

मिस्टर स्प्रॅग वळले आणि आपल्या सभासदांना म्हणाले, "चला रे. उठा सगळे. हा इथून गेल्याशिवाय मासा लागणार नाही." त्यात दया किती आणि स्वार्थ किती, हे मी विचारलं नाही. पुढचं नाक रुतलं होतं तेव्हा मागच्या टोकावर वजन टाकायचं, म्हणजे नाक उचललं जाईल, असा हिशेब. एकामागून एक ज्येष्ठ नागरिक आमच्या मागच्या टोकावर चढले. काही छपरावर बसले, काही आतल्या पायऱ्यांवर, एकाने न विचारता आमचा बिस्किटांचा डबा उघडला. होडीची मागची बाजू खाली गेली, नाक चिखलातून सुटल्याचा मोठा आवाज आला, दोन्ही बाजूंच्या होडीवाल्यांनी दोर ओढले आणि एडिथ फिरली. ज्या दिशेला फिरायचं होतं त्याच दिशेला फिरली. मला क्षणभर वाटलं, हे माझ्यामुळेच झालं.

पंख्यातून जाळी काढायला मला कोपरापर्यंत हात घालून संध्याकाळपर्यंत बसावं लागलं. तोवर नॉरिसने उत्साहाच्या भरात दुसरी बाजू घासून काढली आणि जिथे जिथे गंज होता तिथे तांबड्या प्रायमरचे ठिपके दिले. आता ती बाजू तपकिरीही राहिली नव्हती. ती गोवर आल्यासारखी दिसत होती. "उद्या हिरवा दिला की संपलं," नॉरिस म्हणाला.

शनिवारी पाऊस. सरी वगैरे नाही, सबंध दिवसाचा, एका लयीतला, कंटाळवाणा पाऊस. ओल्या पत्र्यावर रंग बसत नाही. मी छत्री धरून दर थोड्या वेळाने बाहेर जायचो आणि ओल्या पत्र्याला हात लावून परत यायचो. हिलरीने संध्याकाळी केकवर साखरेची अक्षरं काढली आणि मला म्हणाली, "राहू दे आता. आपण रस्त्याने जाऊ, टॅक्सीने."

"आणि होडी?"

"होडीचं काय. आईला सांगू, पुढच्या वेळी." ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला माझीच लाज वाटली. पुढच्या वेळी त्यांना काय दिसणार होतं?

तेवढ्यात नॉरिस आत आला, ओलाचिंब, हातात मग. "मास्तर, मी एक विचार केला. रंगवलेली बाजू आत्ता कुठल्या काठाकडे आहे?"

मी म्हटलं, "समोरच्या."

"वृद्धाश्रम कुठल्या काठावर?"

"समोरच्या."

"मग आता पुन्हा वळायचंच कशाला? बाजू बरोबर आहे. फक्त तोंड उलट्या दिशेला आहे. तेवढं उलटं जायचं." 

मी खुर्चीवरून उठलो. तो बरोबर होता, आणि हेच भयंकर होतं. लांब अरुंद होडी पुढे जाताना सुकाणूचं ऐकते. मागे जाताना ती कुणाचंही ऐकत नाही. सुकाणू पाण्यात नुसतं शोभेला उरतं, आणि होडी मनाला येईल त्या काठाकडे जाते. कालव्यावरचा कुठलाही शहाणा माणूस शंभर पावलांपेक्षा जास्त मागे जात नाही. वृद्धाश्रम तिथून चांगला अर्धा मैल होता.

रविवारी ऊन पडलं. मी वृद्धाश्रमाच्या मॅनेजर मिसेस इबेक्वे यांना फोन करून कळवलं की आम्ही पाण्यातून येतो आहोत.

"समोरून जायला हरकत नाही मिस्टर पार्जेटर. पण हिरवळीला होडी लावायची नाही. आमच्या विम्यात बसत नाही."

"समोरूनच जाणार. सासूबाईंना लांबूनच दाखवायची आहे."

"मग ठीक."

निघताना घोडवाटेवर मागच्या टोकाला दोर बांधून नॉरिस उभा राहिला. त्याच्या मागे मिस्टर स्प्रॅग, आणि त्यांचे दोन सभासद. "तू माझ्या पट्ट्यातून गेलेला मला डोळ्यांनी बघायचंय बाळा," असं मिस्टर स्प्रॅग यांनी स्पष्टीकरण दिलं. पूर्वी जे काम एका घोड्याने केलं ते आता चार म्हातारे करणार होते, तेही उलट्या दिशेने. मी सुकाणूवर. हिलरी पुढच्या टोकाला, लांब दांडा घेऊन, सणाचा ड्रेस घालून, काठाला नाक लागलं की दांड्याने ढकलायला.

आम्ही निघालो. होडी एकदा या काठाला लागायची, एकदा त्या काठाला. हिलरी दांडा खुपसायची, पुढचं टोक सुटायचं, मग मागचं लागायचं. मी "डावीकडे" म्हटलं की नॉरिस उजवीकडे ओढायचा, कारण तो माझ्याकडे तोंड करून मागे चालत होता. एका वाकलेल्या झाडाने आमचा छपरावरचा कुंड्यांचा ताफा साफ केला. तरीही हिरवी बाजू शाबूत होती. गुलाब शाबूत होते. वृद्धाश्रमाची हिरवळ दिसू लागली, तिच्यावरची टेबलं, पांढरे कप, आणि अगदी पुढे चाकांच्या खुर्चीत, जांभळी शाल पांघरून, सासूबाई.

"आई," हिलरीने पुढच्या टोकावरून हाक मारली. "बघ, आलो."

तेवढ्यात वारा आला. मी वाऱ्याला दोष देतो आहे, नॉरिस मला दोष देतो. होडीचं मागचं टोक वळलं, दोर घोडवाटेवरच्या चार म्हाताऱ्यांच्या हातून सुटला, आणि मी, सुकाणू घट्ट धरून, अत्यंत संथ आणि अटळ गतीने हिरवळीकडे निघालो. मी इंजिन पुढे टाकलं. त्याने फक्त आवाज केला. मागचं टोक हिरवळीच्या मऊ काठात शिरलं, एक फुलांचा वाफा अर्धा उचलला आणि थांबलं. मी सासूबाईंपासून हातभर अंतरावर होतो.

मिसेस इबेक्वे चहाचं भांडं हातात घेऊन आल्या. "मिस्टर पार्जेटर, होडी लावायची नाही असं ठरलं होतं."

"लावलेली नाही. अडकली आहे."

"अडकली तर काय करायचं, याबद्दल माझ्याकडे काहीच लिहिलेलं नाही," मिसेस इबेक्वे म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

हिलरी होडीच्या काठावरून धावत मागे आली. ड्रेसवर चिखल, केस विस्कटलेले, गालावर ओरखडा, आणि दमून ती हसत होती. ती आईजवळ वाकली. "आई, बघितलंस? सगळी हिरवळ उकरली तुझ्या जावयाने. पण बघ ना, बाजू बघ. तुझं नाव बघ. कसा वाटला रंग?"

सासूबाईंनी होडीकडे तोंड केलं. थोडा वेळ बघितल्यासारखं केलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "निळा छान दिसतो."

हिलरीचं हसू गेलं. तिने माझ्याकडे बघितलं. हिवाळा यायचा होता अजून, आणि डॉक्टरांनी हिवाळा सांगितला होता. सासूबाईंनी आम्हाला काही कळू दिलं नव्हतं. कितीतरी भेटींत त्या हिलरीच्या तोंडाकडे बघून तिच्या हातांना काय झालं, ती वाळली का, असं विचारत होत्या, आणि तिचं तोंड त्यांना दिसतच नव्हतं. आम्ही पाण्यातून व्यवस्थित, शिस्तीत, लांबून गेलो असतो, तर त्यांना काही म्हणता काही दिसलं नसतं, आणि त्या छान आहे म्हणाल्या असत्या. मी सुकाणू सोडून खाली उतरलो.

"हो, निळाच," मी म्हणालो. "वाळलाय मिसेस ट्रँटर. हात लावून बघा हवं तर."

सासूबाईंनी हात पुढे केला. मी तो धरला आणि पत्र्यावर ठेवला. उन्हाने पत्रा गरम झाला होता. त्यांचा हात तिथे बराच वेळ राहिला. मग त्या म्हणाल्या, "हिलरी, त्याला विचार, आत जायला पायरी किती उंच आहे."

पायरी उंच नव्हती. होडीत शिरायचं ते मागच्या टोकानेच, आणि मागचं टोक मी हिरवळीच्या पातळीला आणून ठेवलं होतं. मिसेस इबेक्वे यांनी एक हात धरला, हिलरीने दुसरा. चाकांची खुर्ची आत जाणार नव्हती, म्हणून काठी दिली. आत दोन पायऱ्या उतरल्यावर काठी भिंतीत अडकली. आपल्या होड्या आतून किती रुंद असणार, माणसाने दोन्ही हात पसरायचे म्हटलं तर पुरते पसरत नाहीत. सासूबाईंनी काठी हिलरीकडे दिली. त्यांचा डावा हात एका भिंतीला लागला, उजवा दुसऱ्या. त्या तशा उभ्या राहिल्या, दोन्हीकडे हात टेकून. मग एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं.

"सोड मला," त्या हिलरीला म्हणाल्या.

हिलरीने हात सोडला. सासूबाई एकट्या चालू लागल्या. ओट्यापाशी थांबल्या, ओटा चाचपला, किटली चाचपली. खिडकीतल्या फुलांना हात लावला. शेगडी गार आहे ना हे बघितलं. पुढे आमच्या पलंगापर्यंत गेल्या, उशी दाबून बघितली, आणि तशाच, दोन्ही भिंतींचा आधार घेत, परत आल्या. वृद्धाश्रमाच्या त्या मोठ्या दिवाणखान्यात दोन माणसं धरल्याशिवाय त्या दारापर्यंत जात नसत. हिलरी तोंडावर हात ठेवून उभी होती, आणि आता ती खरंच रडत होती.

सासूबाई आमच्या छोट्या बाकावर बसल्या. बाहेर घोडवाटेवरून नॉरिस हाक मारत होता, की दोर पुन्हा टाका मास्तर, आत्ता ओढून काढतो, मिस्टर स्प्रॅगना घाई आहे. सासूबाईंनी मान वळवली. हिलरीकडे नाही, आवाज जिथून येत होता तिकडेही नाही. मी जिथे उभा होतो तिकडे.

"डेस्मंड," त्या म्हणाल्या. "ही होडी इथून निघायला किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही, मिसेस ट्रँटर. चांगलीच रुतली आहे."

"मग घाई करू नकोस," त्या म्हणाल्या. "चहा टाक."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि नॉरिसला सांगितलं की दोर गुंडाळून ठेव, आधी सगळे जवळच्या पुलावरून वळसा घालून इकडे केक खायला या. मग आत येऊन किटली भरली.